नकाराचा रकाना

मावशीच्या पॅडवरच्या कागदाला अगदी उजवीकडे एक अरुंद रकाना असे. त्यावर छापलेलं असे : नकार. कुणी न थांबता पुढे गेलं, कुणी मान हलवली, कुणी ‘वेळ नाही’ म्हणालं, की त्या रकान्यात एक उभी रेघ मारायची. नव्याने कामाला लागलेल्यांना त्या रेघांची लाज वाटे, जणू परीक्षेत मिळालेले भोपळेच. मावशीला ती कधीच वाटली नाही. बावीस वर्षं ती रस्त्यात अनोळखी माणसांना थांबवून प्रश्न विचारत आली होती. ज्या कागदावर एकही रेघ नाही तो कागद एक तर घरी लोळत भरलेला असतो, नाही तर कुणाला तरी कोपऱ्यात गाठून, असा तिचा अनुभव होता.

ऑफिस दोन खोल्यांचं. खाली किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान, त्यामुळे दिवसभर कानस घासल्याचा आवाज येई. वाहतूक खात्याला थांबा हलवायचा असला, रस्ता एकेरी करायचा असला, की खातं पाहणीचं काम या ऑफिसकडे देई आणि ऑफिस ते मावशीच्या गळ्यात मारी. साहेबांपासून सगळे तिला मावशीच म्हणत. नवा माणूस आला की ती त्याला जिन्यापाशी उभं करी, स्वतः समोरून चालत येई आणि आपल्याला थांबवायला सांगे.

नियम मोजकेच होते. माणसाच्या वाटेत उभं राहायचं नाही, वाटेच्या कडेला राहायचं. मधे दोन हातांचं अंतर. आधी आपण कोण आणि कशासाठी आलो ते सांगायचं, मग विचारायचं, दोन मिनिटं आहेत का. ‘नाही’ आलं की ‘बरं’ म्हणायचं आणि एक पाऊल मागे सरकायचं. हे शेवटचं पाऊल ती प्रत्येकाकडून दहा-दहा वेळा करून घेई. चांगली शिकलीसवरलेली माणसं तिथे अडखळत. तोंडाने ‘बरं’ म्हणत आणि पाय नेमका पुढे पडे.

अर्ध्या तासात शिकून होणारं काम. पण दर वेळी एखादा दीडशहाणा निघेच. हाताची घडी घालून तो विचारी, ‘म्हणजे आता बाईशी बोलायचंच नाही का?’ बोलू नका असं कुणीही म्हटलेलं नसे. उलट मावशी त्याला बोलण्याचाच पगार मिळवून द्यायला निघालेली असे. पण या थाटाच्या पुरुषांना दार उघडं दिसलं तरी खिडकी फोडूनच आत यायचं असतं, आणि काच लागली की बोंबही तेच ठोकतात. मावशी अशा माणसाला दुपारच्या आत जिना उतरायला लावी.

एका रविवारी सकाळी ताई तिच्या घरी आली. ताई म्हणजे मावशीची सख्खी मोठी बहीण. दारातच तिने गुडघा धरला आणि खुर्चीत बसताना असा आवाज केला की मावशी स्वयंपाकघरातून धावत आली. गुडघा टम्म सुजला होता.

“किती चाललीस?” मावशीने विचारलं.

“फार नाही गं. पुढच्या थांब्यापर्यंत जाते, तिथे बस धरते. तेवढाच व्यायाम.”

“या गुडघ्याने व्यायाम?”

“डॉक्टर म्हणतात चालत राहा,” ताई म्हणाली आणि लगेच विषयाला हात घातला. “बाळाला तुझ्या ऑफिसात चिकटव.”

बाळाचं वय एकतीस. आतापर्यंत चार नोकऱ्या त्याने सोडल्या होत्या. म्हणजे तो तसं सांगे. दिसायला देखणा, बोलायला गोड, केसांना रोज पाऊण तास. मावशीकडे आला की तिच्या पाया पडे, ‘मावशी, तू बारीक झालीस’ म्हणे आणि तिने केलेलं सगळं संपवून जाई. ताईचा तो एकुलता एक. नवरा लवकर गेला, मग ताईने सारा जीव या एका माणसावर ओतला, आणि माणूस तिथेच पेंगत बसला.

मावशीला नाही म्हणता आलं नाही. बावीस वर्षं लोकांचा नकार आनंदाने झेलणाऱ्या बाईला स्वतःच्या बहिणीला नकार देता येऊ नये, यातली गंमत तिला कळत होती, पण कारण तसं होतं. आई गेली तेव्हा मावशी सहा वर्षांची होती आणि ताई चौदाची. ताईने शाळा सोडली, धाकटीची वेणी घातली, बोट धरून तिला शाळेच्या फाटकापर्यंत सोडलं, आणि फाटक बंद झाल्यावर स्वतः परत फिरली. असं सलग दहा वर्षं. हे तिने एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. बोलून दाखवलं असतं तर मावशीला निदान भांडता तरी आलं असतं.

“तीन दिवस बघीन त्याचं काम,” मावशी म्हणाली. “जमलं तर माझ्या सहीने तो कायम होईल. नाही जमलं तर नाही.”

“जमेल. लोकांशी बोलण्यात त्याचा हात कोण धरणार?” ताई म्हणाली. तिचा चेहरा इतका उजळला की मावशीला आपणच काहीतरी मोठं देऊन बसल्यासारखं वाटलं.

त्या आठवड्यातलं काम मोठं मजेचं होतं. ताई राहायची त्याच भागात हातमोज्यांचा एक कारखाना होता. आत शिवणाऱ्या सगळ्या बायका. कारखान्याच्या फाटकापासून शंभर पावलांवर खात्याने नवा कोरा थांबा बांधला होता. वर छप्पर, खाली लांब बाक, दिवा, वेळापत्रकाला काच. त्याच्या पुढचा थांबा अर्ध्या मैलावर, आणि तो म्हणजे नुसता खांब, शेजारी भंगाराचं आवार. पण चार वाजता कारखाना सुटला की बायका नव्या थांब्यावरून मान खाली घालून पुढे जात आणि खांबापाशी उन्हातान्हात उभ्या राहत. असं का, हे खात्याला कळेना. तिथल्या एका अधिकाऱ्याने शंका काढली की छपराचा रंग बायकांना आवडला नसावा. दुसरा म्हणाला, बाकाची उंची चुकली. तिसऱ्याने तर लेखी मत दिलं की बायकांना गप्पा मारत चालायला आवडतं. या तिघांपैकी एकानेही आयुष्यात बस धरली नव्हती.

“तो माझाच भाग आहे, मावशी,” भाचा म्हणाला. “मला सगळे ओळखतात तिथे.” मावशीने त्याला जिन्यापाशी उभं करून नियम शिकवले. त्याने ते इतक्या पटापट करून दाखवले, मागचं पाऊलही इतकं अलगद टाकलं, की तिला वाटलं, ताई म्हणत होती ते उगाच नाही.

दोन दिवसांनी सकाळी त्याने साहेबांच्या टेबलावर कागदांचा गठ्ठा आपटला. चौऱ्याऐंशी बायका. दोन संध्याकाळी. नकाराचा रकाना पहिल्या कागदापासून शेवटच्यापर्यंत पांढरा स्वच्छ.

साहेब खूश झाले. “मावशी, तुम्हाला कधी जमलं होतं का असं? घराण्यातच आहे हो तुमच्या.”

मावशीने चष्मा लावून गठ्ठा चाळला. सातवा प्रश्न महत्त्वाचा होता : ‘जवळचा थांबा सोडून पुढच्या थांब्यावर का जाता?’ खाली नियम छापलेला होता, उत्तर बोलणाऱ्याच्याच शब्दांत लिहावे. आणि उत्तर होतं, व्यायाम. पुन्हा व्यायाम. व्यायाम, व्यायाम, हवा खायला, व्यायाम. आठ तास शिवणयंत्रावर पाय मारून आलेल्या बायकांना व्यायामाची एवढी हौस असते ही बातमी मावशीला नवीन होती.

“एकही नाही म्हणाली नाही?” तिने विचारलं.

“मला कुणी नाही म्हणतच नाही, मावशी,” भाचा म्हणाला. “बोलायची एक पद्धत असते.”

“नाही म्हणत नाही, की म्हणता येत नाही?”

तो गोड हसला. साहेबही हसले. मावशीने गठ्ठा पिशवीत घातला आणि दुपारी मीही येते म्हणाली.

चारला दहा कमी असताना ती थांब्यावर पोचली. बाकावर तिघेजण पसरून बसले होते, प्रत्येकाने दोन-दोन माणसांची जागा अडवलेली. भाच्याला पाहून त्यांनी सरकून जागा केली. म्हणजे ती जागा त्याची ठरलेली होती. मागे मावशी दिसल्यावर एकाने घाईघाईने पाय खाली घेतले. “तू कर सुरू,” तिने भाच्याला सांगितलं, “मी बघते.” आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली.

फाटक उघडलं. बायका दोघी-तिघींनी येऊ लागल्या आणि थांबा जवळ आला तसा त्यांचा आवाज कमी कमी होत गेला. पिशव्या पाठीवरून पोटाशी आल्या. भाचा उठला, केसांवरून हात फिरवला आणि एका चष्मेवालीच्या थेट समोर जाऊन उभा राहिला. ती डावीकडे झाली, तो डावीकडे झाला. ती उजवीकडे गेली, तो हसत हसत उजवीकडे. मग ती चालू लागली तर तो तिच्यापुढे उलटा चालू लागला, एक हात आडवा धरून. “चष्मेवाल्या मॅडम, एक मिनिट, खात नाही मी तुम्हाला. जरा हसून तरी सांगा.” बाकावरून एकाने त्याची री ओढली, “हसा की, सरकारी काम आहे.” चष्मेवालीने त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत एकच शब्द उच्चारला. त्याने तो लिहिला. तो लिहीपर्यंत ती दहा पावलं पुढे पोचली होती.

जिन्यापाशी शिकवलेलं त्याने काहीच वापरलं नव्हतं. ते विसरला असता तर मावशीला एवढं वाईट वाटलं नसतं. पण विसरायला आधी ते आपल्यासाठी आहे असं वाटावं लागतं. नियम त्याने मावशीसमोर पाळले होते, मावशीसाठी. रस्त्यावरच्या बायका त्याच्या हिशेबी त्यात मोडतच नव्हत्या.

ती रस्ता ओलांडून आली. “दे तो पॅड.”

ती कडेला उभी राहिली, भिंतीला पाठ लावून, वाट सगळी मोकळी सोडून. पहिली बाई आली तेव्हा मावशी म्हणाली, “नमस्कार, मी बसथांब्याच्या पाहणीसाठी आलेय. दोन मिनिटं आहेत का?” बाईने मान हलवली. “बरं,” मावशी म्हणाली, एक पाऊल मागे झाली आणि रेघ मारली. दुसरीने ऐकलंच नाही. रेघ. तिसरी म्हणाली घाई आहे. बरं, रेघ. पाच झाल्या, सहा झाल्या. भाचा बाकावर बसून मजा बघत होता.

“मावशी, अशाने तुझी शंभरी भरेल,” तो म्हणाला. “रेघांची म्हणतोय मी.” बाकावर हशा पिकला.

तेवढ्यात पुढे गेलेल्यांपैकी एक बाई परत फिरली. चाळिशीची असेल, राखाडी स्कार्फ, उजव्या हाताच्या बोटाला चिंधी गुंडाळलेली. पहिली रेघ तिची होती. ती मावशीपासून तीन हातांवर थांबली आणि बाकाकडे पाठ करून उभी राहिली.

“मी नाही म्हटलं तर तुम्ही बाजूला झालात,” ती म्हणाली. “म्हणून परत आले. काय विचारायचंय?”

मावशीने पहिल्यापासून सगळे प्रश्न ओळीने विचारले. सातव्यापर्यंत आली तेव्हा बाई म्हणाली, “हा तर याने कालच विचारला होता.”

“तुम्ही काय सांगितलंत?”

“व्यायाम.” ती किंचित हसली. “पहिल्या दिवशी एकीने व्यायाम म्हटलं आणि ती लवकर सुटली. मग दुसऱ्या दिवशी आम्ही आत मशिनवरच ठरवून टाकलं, सगळ्यांनी व्यायामच सांगायचं. लांबलचक काही सांगायला गेलं की हा जाऊच देत नाही.”

“आणि खरं कारण?”

“खरं कारण बाकावर बसलंय की. चार वाजले की ही चौकडी येते. छप्पर यांच्या डोक्यावर, बाक यांच्या बुडाखाली. आम्ही उभ्या राहिलो की आमच्या कपड्यांवर बोलतात, चालण्यावर बोलतात. उत्तर दिलं तर चेकाळतात, नाही दिलं तर शिव्या. एकदा एका पोरीच्या मागे बसमध्ये चढले होते. अर्धा मैल चाललं तर पाय तेवढे दुखतात.”

ती हे सगळं भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात बोलली. मावशीचे कान मात्र तापले. वळून तिने भाच्याला हाक मारली. तो आला, पण आता जरा वाकड्या चालीने.

“मी ऐकलं सगळं,” तो म्हणाला. “गंमत करतो आम्ही. कौतुक करतो. परवा त्या चष्मेवालीला मी म्हटलं, चष्मा छान दिसतो तुम्हाला. आता यात काय वाईट आहे?”

“मग ती काय म्हणाली?”

“काही नाही. पुढे गेली.”

“मग तू काय केलंस?”

“परत म्हटलं.”

“का?”

“ऐकू गेलं नसेल म्हणून.”

“आणि मग?”

“मग...” त्याने मित्रांकडे पाहिलं. “मग काय, फारच भाव खायला लागली. हात थोडाच लावला कुणाला? आणि तू तरी वेगळं काय करतेस? तूही अनोळखी बायकांना अडवतेसच की दिवसभर. तू केलं की पाहणी आणि आम्ही केलं की छळ?”

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षांच्या धंद्याची याने बाकावरच्या टवाळकीशी सोयरीक जुळवून दिली होती, आणि वर तोंड असं केलं होतं की जणू फार खोल मुद्दा काढला. तिला खूप काही बोलता आलं असतं. पण ज्याला समजूनच घ्यायचं नाही त्याला समजावत बसणं हा एक फुकटचा उद्योग असतो.

“ही बाई माझ्याकडे परत आली,” ती एवढंच म्हणाली. “आजवर त्या बाकाकडे कुणी परत आलंय का, ते सांग.”

त्याने केसांवरून हात फिरवला.

मावशीने पॅड आणि पेन त्याच्या हातात दिलं. “सातवा प्रश्न. यांनी आत्ता सांगितलं ते लिही. त्यांच्याच शब्दांत.” खरं म्हणजे ती त्याला अजून एक संधी देत होती. ताईचा गुडघा, ताईचा तो उजळलेला चेहरा, शाळेचं फाटक, सगळं त्या पेनाबरोबर तिने त्याच्या हातात दिलं होतं. त्याने कागदावर मान खाली घातली आणि बराच वेळ लावला. स्कार्फवाली बघत उभी होती. मग त्याने पॅड परत दिला.

त्याने लिहिलं होतं, व्यायाम.

“असं वाईट दिसतं गं, मावशी,” तो हळूच म्हणाला. “साहेब वाचणार ते. उगाच कुणाचं नाव कशाला खराब करायचं?”

बाई समोर उभी आहे, तिने डोळ्यांदेखत सांगितलंय, कागदावर ठळक छापलंय, आणि हा माणूस तिच्या तोंडात स्वतःचा शब्द कोंबून मोकळा झाला. मावशीने ती ओळ खोडली. खाली बारीक अक्षरात बाईचं बोलणं जसंच्या तसं लिहिलं, तिला वाचून दाखवलं, तिचे आभार मानले. स्कार्फवाली पुढच्या थांब्याकडे निघून गेली. भाच्याला मावशीने घरी जायला सांगितलं. मग ती स्वतः अर्धा मैल चालत त्या खांबापाशी गेली, आणि बस येईपर्यंत तिथे एकवीस बायकांनी तिला उत्तरं दिली, सोळा जणींनी दिली नाहीत. व्यायाम कुणाच्याही तोंडून आला नाही.

ऑफिसात जाऊन तिने नवे कागद साहेबांपुढे ठेवले. साहेबांनी दोन वाचले, तिसरा वाचला, मग जुना गठ्ठा हळूच टेबलाच्या खालच्या कप्प्यात सरकवला. घराण्याबद्दल ते आता काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताई कामावर रजा टाकून मावशीच्या घरी आली. या वेळी ती बसली नाही. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

“बाळ जेवला नाही कालपासून,” ती म्हणाली. “तू त्याला चार लोकांत खाली बघायला लावलंस म्हणे. रस्त्यातल्या बायकांसाठी.”

“काय झालं ते सांगितलं त्याने?”

“सांगितलं. तू त्या बायकांच्या बोलण्यात आलीस आणि रागावलीस. धाकटे, चूक झाली असेल त्याची. एकतिसाव्या वर्षी आता कुठे मार्गाला लागत होता. तुझ्या एका सहीवर आहे सगळं. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं का?”

नव्हतं मागितलं. सही करून टाकावी, असंही एक क्षण तिला वाटलं. साहेबांना कुणाच्या सहीशी काय घेणं असतं? ऑफिसात कुठेतरी आत बसवता आला असता, कागद लावायला. तिने ताईकडे पाहिलं. ताई सगळा भार डाव्या पायावर टाकून उभी होती.

“कुठून आलीस?” मावशीने विचारलं.

“घरून.”

“बस कुठे धरलीस?”

ताई आपल्या चपलांकडे बघत राहिली. मावशीला तो रविवार आठवला. टम्म सुजलेला गुडघा. तेवढाच व्यायाम. ताई कारखान्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायची, एका पाळणाघरात संध्याकाळपाळीला जायची, आणि घरून निघायची बरोबर चारला. मावशी बावीस वर्षं परक्यांना प्रश्न विचारत हिंडली होती आणि हा एक साधा प्रश्न तिला आपल्या माणसाला विचारायचं सुचलं नव्हतं.

तिने टेबलावरचा पॅड उचलला. दारापर्यंत गेली, पण दार अडवलं नाही. बाजूला भिंतीपाशी उभी राहिली, दोन हातांवर.

“मी बसथांब्याच्या पाहणीसाठी विचारतेय,” ती म्हणाली. शब्द रोजचेच होते. “दोन मिनिटं आहेत का?”

ताईने तिच्याकडे बघितलं, आधी वेडी झालीस का अशा नजरेने, मग वेगळ्या नजरेने. “नाही,” ती म्हणाली. “मला वेळ नाही.”

“बरं,” मावशी म्हणाली. एक पाऊल मागे सरकली आणि उजवीकडच्या रकान्यात रेघ मारली. आयुष्यात एवढी जड रेघ तिने ओढली नव्हती.

ताईने चपला घातल्या. दोनदा पाय चुकला. कडीवर हात ठेवला आणि तशीच, पाठमोरी उभी राहिली. मावशी पुढे झाली नाही.

“डॉक्टर चालू नका म्हणालेत,” ताई म्हणाली.

मावशीने पेन कागदाला टेकवलं.

“पावसाळ्याआधीची गोष्ट. मी त्या थांब्यावर गेले. पाच-सहा बायका उभ्या होत्या. बाळ आणि त्याचे मित्र बाकावर. एका पोरीला काहीतरी बोलत होता. काय ते मी तुला सांगणार नाही. ते माझ्या पोटच्या पोराच्या तोंडातून आलं एवढंच. मग त्याला मी दिसले. ताडकन उठला. मित्रांना उठवलं, खिशातून रुमाल काढून बाक पुसला आणि म्हणाला, आई, ये, बस, तुझा गुडघा दुखतोय ना.” ताई थांबली. “इतक्या मायेने म्हणाला गं.”

म्हणजे त्याला येत होतं. उठायचं कसं, बाजूला व्हायचं कसं, जागा करून द्यायची कशी, सगळं येत होतं. मावशी लिहीत राहिली.

“त्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं. मी बसले. एवढा लांब बाक, पण माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. एकही नाही. त्या पोरीची आई असेल माझ्या वयाची, ती मला बघून तिला घेऊन पुढे चालायला लागली. मग बाकीच्याही गेल्या. मी एकटीच बसले होते छपराखाली. बस आली, ड्रायव्हरने दार उघडलं, मला उठताच येईना.” तिने कडी सोडली आणि पुन्हा धरली. “तेव्हापासून मी त्यांच्या मागून चालते, लांबून. लिहिलंस?”

“लिहिलं.”

“सगळं?”

“तू म्हणालीस तसं.”

चौकट पुरली नव्हती; मावशीने कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलं होतं. पुढच्या बाजूची रेघ तिने खोडली नाही. एकदा दिलेला नकार नंतर उत्तर मिळालं तरी तसाच ठेवायचा, असा नियम होता.

ताई वळली. तिचे डोळे कोरडे होते. लहानपणी शाळेच्या फाटकापाशी ती धाकटीचा हात सोडताना जशी बघायची तशी तिने एकदा बघितलं.

“त्याच्या कागदावर सही करणार आहेस?” तिने विचारलं.

“नाही,” मावशी म्हणाली.

“बरं,” ताई म्हणाली. ती एक पाऊल मागे सरकली, उंबऱ्याबाहेर गेली आणि तिने दार हलकेच ओढून घेतलं.